हिरवा बिल्ला, केशरी बिल्ला



 सकाळी आमच्या स्वागत समितीकडून एक घोळ झाला, तो आधीच कबूल करतो. नावनोंदणीच्या टेबलावर बालवाचकांसाठी हिरवे बिल्ले होते, मोठ्यांसाठी केशरी. सत्तरीच्या एका आजींनी हिरवा मागितला आणि आमचा कार्यकर्ता अडून बसला. अद्भुत कादंबऱ्यांच्या संमेलनात हे व्हावं!

घोळ तसा जुनाच. लहानपणी मी वाचलेल्या मराठी ‘गलिव्हर’मध्ये आधी बुटके आले, मग राक्षस, आणि गोष्ट संपली. १७२६ सालची मूळ चार भागांची कादंबरी हाती पडली ती पस्तिशीत. राणीच्या महालाची आग गलिव्हर कशी विझवतो, ते तेव्हा कळलं. (इथे माइकवर सांगवत नाही.) शेवटी घोड्यांच्या देशातून परतलेल्या या गृहस्थाला बायकोमुलांचा वास सोसवत नाही, तो दोन घोडे विकत घेतो आणि रोज तबेल्यात बसून त्यांच्याशी बोलतो. हे पोरांसाठी लिहिलेलं? मोठ्यांनीच पुस्तकाला कात्री लावली आणि उरलेल्या तुकड्याला बालसाहित्य म्हटलं.

‘हॉबिट’ची हकीकत याहून गमतीची. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी १९३६ साली टॉल्किन यांचं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. मेहनताना एक शिलिंग. पोरानं अभिप्राय दिला, की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. स्वतः दहाचा, म्हणजे स्वारी त्यातून बाहेर! पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. पुढे हाच रेनर वडिलांच्या कचेरीत कामाला लागला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ समोर आलं, तेव्हा हजार पौंड बुडतील असा हिशेब मांडूनही ते छापायची गळ त्यानेच वडिलांना घातली. १९५४-५५ मध्ये तीन खंड बाहेर पडले. दहाव्या वर्षी लागलेली गोडी तिशीच्या उंबरठ्यावर धंद्यात उतरली. आता याला कोणता बिल्ला द्यायचा?

माझ्या मते वाचकाचं वय विचारूच नये; पुस्तक मात्र अख्खं द्यावं. दुपारच्या परिसंवादात यावर खडाजंगी होईलच. जेवण साडेबाराला, मागच्या शेडमध्ये. आजींचा बिल्ला त्यांना मिळालाय. बाकीचे टेबलावर सुटे ठेवलेत, हवा तो उचला. हिरवे मात्र संपत आलेत.