यंत्राचा अबोला

घरांतील एखादें माणूस बोलेनासें झालें, म्हणजे शहाणा गृहस्थ प्रथम त्याच्यावर दोष ठेवीत नाहीं. तें आजारी आहे कीं उपाशी आहे, त्याला हांक ऐकूं गेली कीं नाहीं, याचा तो आधीं शोध घेतो. आजच्या मोटारगाडीच्या बाबतींतहि हाच विवेक ठेवावा लागतो. परंतु तो ठेवला जातोच असें नाहीं. हिंगणघाटच्या बाजाराकडे कापूस घेऊन निघालेला एखादा मालट्रक वाटेंत अकस्मात् मंदावतो, चालकासमोरच्या फलकावर दिवा लागतो, आणि मिस्त्रीनें स्कॅनर जोडतांच "अमक्या सेन्सरशीं संपर्क तुटला" असा संदेश उमटतो. "सेन्सर गेला, नवा घाला," असा निकाल तेथल्या तेथें दिला जातो. गाडीमालक उसनवारी करून नवा सेन्सर आणतो. आणि दोन दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागतो. दोष सेन्सरांत नव्हताच. तो तारेंत होता.

हा घोटाळा कां होतो, हें समजण्यासाठीं गाडीच्या आंतील व्यवस्था जाणून घेतली पाहिजे. पूर्वीं प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र तार असे. उपकरणें वाढलीं, तशी तारांची मोळी जाड होत गेली. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ सालीं यावर एक तोड जगापुढें मांडली. तिला 'कॅन' असें नांव आहे. १९९३ सालीं ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. या पद्धतींत एकमेकींभोंवतीं पिळलेल्या दोन तारा गाडीभर फिरतात, आणि इंजिन, ब्रेक, फलक इत्यादिकांचे लहान संगणक त्यांना जोडलेले असतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. दोघांनीं एकदम तोंड उघडलें, तर ज्याचा संदेश अधिक महत्त्वाचा त्याला वाट मिळते व दुसरा आपण होऊन थांबतो. गांवच्या सभेंत सहसा न आढळणारी ही शिस्त आहे!

भारतांत १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ हीं धुराविषयींचीं कडक मानकें लागू झालीं. तेव्हांपासून डिझेलच्या मोठ्या गाड्यांच्या धुराड्यांत नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोजणारे सेन्सर आले. हे सेन्सर आपलें मोजमाप याच दोन तारांवरून कळवितात. त्यांचा निरोप येईनासा झाला, कीं धूर शुद्ध आहे कीं अशुद्ध, हें इंजिनाच्या संगणकाला कळत नाहीं. दोष दूर झाला नाहीं, तर कांहीं काळानें तो इंजिनाची शक्ति मुद्दाम कमी करतो. म्हणून तारेच्या एका सैल टोंकापायीं भरलेली गाडी रस्त्यांत अडते.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास हवी. "संपर्क तुटला" ही तक्रार न बोलणाराची नसते. ती ऐकणाराची असते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशीं थेट बोलतां यावें, म्हणून बसविलेला दूरध्वनि सेवाग्रामच्या आश्रमांत आजहि जतन केलेला आहे. त्यावर पलीकडून आवाज आला नाहीं, एवढ्यावरून पलीकडचा माणूस मुका झाला असें कोणी म्हटलें नसतें; आधीं तार पाहिली गेली असती. स्कॅनरचा संदेशहि इतकेंच सांगतो कीं, अपेक्षित निरोप पोंचला नाहीं. कां पोंचला नाहीं, हें त्याला ठाऊक नसतें.

म्हणून चतुर मिस्त्री प्रथम एकाच संदेशावर न थांबतां सगळ्या संगणकांची यादी काढतो. तक्रार कोण करतो, आणि अबोला कोणाचा आहे, हें तो मांडून पाहतो. एकच सेन्सर गप्प असेल, तर दोष त्याच्यापाशीं किंवा त्याच्या फांदींत असावा. अनेक एकदम गप्प असतील, तर मुख्य तार, त्यांचा समाईक फ्यूज किंवा समाईक अर्थिंग यांचा संशय धरावा. दुसरी पायरी अन्नाची. उपाशी माणूस बोलत नाहीं, तसा वीज न मिळालेला सेन्सरहि बोलत नाहीं. त्याच्या कपलरमध्यें वीज पोंचते काय, आणि अर्थिंगची तार घट्ट आहे काय, हें प्रथम मोजावें. पुष्कळदां शोध येथेंच संपतो.

तिसरी पायरी रोध मोजण्याची. मुख्य तारेच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध बसविलेला असतो. बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून दोन तारांमधील रोध मोजला, तर तो ६० ओहमच्या आसपास भरला पाहिजे. १२० भरला, तर एका टोंकाचा रोध गेला किंवा मुख्य तार कोठें तरी तुटली. शून्याजवळ आला, तर दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या. मात्र ६० हा आंकडा दिसतांच निर्धास्त होऊं नये. सेन्सरकडे जाणारी फांदी तुटली असतांहि मुख्य तारेवर ६० च दिसतात! म्हणून तेंच माप त्या सेन्सरच्या कपलरपाशीं पुन्हां घ्यावें. यानंतर बॅटरी जोडून चावी फिरवावी व दोन्ही तारांवरील दाब पाहावा. संदेश चालू असतां मल्टिमीटरवर तो दोहोंवर अडीच व्होल्टच्या जवळपास, एकीवर किंचित् अधिक व दुसरीवर किंचित् कमी, असा दिसतो. दाब शून्य किंवा बॅटरीइतका दिसला, तर तार कोठें तरी घासून गाडीच्या सांगाड्यास अथवा विजेच्या तारेस लागली आहे.

कधीं कधीं तारा निर्दोष असून एकच बिघडलेला संगणक मध्येंच गोंगाट करून साऱ्यांचें बोलणें बंद पाडतो. अशा वेळीं एकेकाचा कपलर काढून पाहावा. ज्याला काढतांच बाकीचे बोलूं लागतात, तो अपराधी. आणि जो दोष येतो-जातो, तो गाडी उभी असतां सांपडत नाहीं. त्यासाठीं मापक लावून ठेवून तारांची मोळी हातानें हलवीत जावें लागतें. उंदरांनीं कुरतडलेलें वेष्टन, पावसाचें पाणी शिरून हिरवा गंज चढलेला कपलर, धुराड्याच्या उष्णतेनें कडक झालेली तार, जादा दिवे बसवितांना भलत्याच तारेस मारलेला जोड, हींच बहुधा खरीं कारणें निघतात.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. वर्धा जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. अशा वेगवान् रस्त्यावर गाडीची शक्ति अवचित कमी होणें, म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवाशीं गांठ आहे. अबोला धरणारा भाग एबीएस ब्रेकचा असेल, तर साधा ब्रेक लागतो. पण ओल्या रस्त्यावर चाकें घसरूं न देणारा रक्षक नाहींसा होतो. अशा स्थितींत संदेश पुसून दिवा विझविणें, ही दुरुस्ती नव्हे. ती फसवणूक होय.

स्कॅनर विकत मिळतो, विवेक मिळत नाहीं. ज्या मिस्त्रीपाशीं एक साधा मल्टिमीटर आहे, आणि निकाल देण्यापूर्वीं अर्धा घटका विचारपूस करण्याचा धीर आहे, तो गरीब गाडीमालकाचे कष्टाचे पैसे वांचवूं शकतो. मुक्यावर आरोप करण्याआधीं वाट तपासावी, हा नियम यंत्राला लागू आहे, आणि माणसालाहि.