वनदाव्याचा निकाल कोणी द्यायचा?



मला आज संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. ते राहू द्या. काल रात्री जेवताना माझा आपल्याच एका वर्गमित्राशी वाद झाला, त्याबद्दल बोलते. तो अक्कलकुवा तालुक्यातल्या त्याच्या गावात वनहक्क समितीचं काम बघतो. मी म्हणाले, "वनदावे ग्रामसभेपुढे कशाला? उपग्रहाची चित्रं घ्या. शेत होतं की जंगल, संगणक दहा मिनिटांत सांगेल." तो एवढंच म्हणाला, "तू आमचा उतार पाहिला आहेस का?"

रात्री झोप लागली नाही, कारण नकाशांचं सॉफ्टवेअर हेच माझं काम. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन कसत असलं पाहिजे. त्या काळातली सहज मिळणारी चित्रं लँडसॅटची. त्यात एक ठिपका म्हणजे तीस मीटर बाय तीस मीटर. एक एकर शेत जेमतेम साडेचार ठिपक्यांत बसतं. त्यात बांधावर मोह, मध्ये ज्वारी, वर डोंगराची सावली. संगणक या सगळ्याला मिळून एकच नाव देणार, बहुतेक 'जंगल'. पावसाळ्यात पीक उभं असतं तेव्हा वर ढग, आणि ढग सरून चित्र स्वच्छ येतं तोवर कोरडवाहू शेत रिकामं. मग ते 'पडीक' ठरतं.

आमच्याकडे नव्वद टक्के अचूकता आली की टीममध्ये मिठाई वाटतात. मीही वाटली आहे. उरलेल्या दहा टक्क्यांत कोणाची शेतं गेली, हे मी कधीच विचारलं नाही. गणिताचे सर इथे बसलेत, ते उत्तरापुढे एकक नसलं की अर्धा गुण कापायचे. सर, माझा कापा.

कायदा करणाऱ्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहचित्र पुराव्याला जोड म्हणून वापरा, इतर पुराव्यांच्या जागी नको. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. वर उपविभागीय आणि जिल्हा समिती आहेच.

तरी मी त्याचं सगळं मान्य केलं नाही. सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, हे आपण गल्लीतल्या गणेश मंडळापासून बघत आलोय. मी विचारलं, "विधवा बाईच्या दाव्याला तिचा दीरच आडवा आला तर?" तो बराच वेळ भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "तसा एक दावा आहे. तिच्या बाजूने बोलायला कोणी तयार नाही."

तिथे मात्र माझं चित्र कामाला येईल असं मला वाटतं. दिराच्या धाकाने उपग्रह गप्प बसत नाही. पण ते चित्र कसं वाचायचं आणि कुठे चुकतं, हे मला सभेत उभं राहून सांगावं लागेल आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतील. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "ये. पण निकाल सभा देईल, तू नाही." मी कबूल केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी चित्रं मोठी छापून घेऊन जाणार आहे. त्याआधी त्या बाईंचं शेत बांधाबांधाने फिरून बघायचं आहे. कोणाला यायचं असेल तर जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या. चढ बराच आहे, म्हणे. चपला घालून येऊ नका.