वाए रेबोची सात घरे

(वार्षिक कार्यकर्ता मेळाव्यात आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेने केलेले भाषण)



आज दुपारी आपल्यासमोर वसतिगृहाच्या विस्ताराचा ठराव यायचा आहे. त्यावर मत मांडण्याआधी मी तुम्हाला एका लांबच्या गावाची हकिगत सांगणार आहे. गाव इंडोनेशियातले आहे, पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

गेल्या वर्षी एका अभ्यासगटाबरोबर मला फ्लोरेस बेटावर जाता आले. बेटाच्या पश्चिम भागात मांगराई लोकांचा मुलूख आहे. डोंगराळ प्रदेश, भात, मका आणि कॉफीची शेती. बहुतेक लोक कॅथलिक आहेत, तरी पूर्वजांचा मान आणि गावच्या चालीरीती त्यांनी सोडलेल्या नाहीत. या मुलखात वाए रेबो नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचावर, जंगलाने वेढलेले. गाडी देंगे गावाच्या थोडे पुढेपर्यंत जाते. तिथून पुढे जंगलातली चढण. माझ्या गुडघ्यांना ती तीन तासांहून जास्त लागली!

गावात घरे फक्त सात. एका गोल अंगणाभोवती उभी, शंकूच्या आकाराची. छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेले, गवताचे आणि ताडाच्या जातीतल्या झाडाच्या काळ्या तंतूंचे. या घराला ते 'म्बारू नियांग' म्हणतात. एका घरात सहा-सहा कुटुंबे राहतात, मोठ्या घरात आठ. आत पाच मजले. खाली माणसे राहतात आणि मध्ये चूल पेटते. त्यावर धान्य आणि सामान. तिसऱ्या माळ्यावर बियाणे. चौथ्यावर दुष्काळासाठी राखलेले धान्य. सर्वांत वर पूर्वजांचा नैवेद्य. चुलीचा धूर वरपर्यंत जातो, त्याने लाकूड आणि गवत टिकते, किडे लागत नाहीत. आपल्याकडे चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण ही सातही घरे मध्यंतरी उभी नव्हती. २००८ साली जकार्ताचे वास्तुविशारद योरी अंतर तिथे पोहोचले, तेव्हा चारच घरे उरली होती आणि त्यांतलीही काही मोडकळीला आली होती. बाहेरून पैशांची मदत मिळाली, पण घरे गावकऱ्यांनी स्वतः बांधली. म्हातारी माणसे सांगत होती आणि तरुण दोर वळत होते. आणखी काही वर्षे गेली असती, तर सांगणारी माणसेच उरली नसती. २०१२ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला.

आता शाळेचे ऐकू. वाए रेबोत संध्याकाळ झाली तरी शाळेत जाणारी मुले मला फारशी दिसली नाहीत. मी विचारले तेव्हा कळले की मुले खाली कोम्बो गावात राहून शिकतात. कोम्बो हे त्यांचेच दुसरे गाव, भाऊबंदांचे. सुट्टी लागली की मुले वर येतात, कॉफीची फळे तोडतात, सणाला अंगणात नाचतात. नोव्हेंबरात नव्या वर्षाचा 'पेंती' नावाचा सण असतो, त्याला दूरवर गेलेली माणसेही परततात. मला वाटले, हे तर आपल्या वसतिगृहासारखेच झाले! पण रात्री झोप लागेना. कारण आमच्याकडे मुले खाली येतात, पण पुन्हा वर किती जातात?

आणखी एक गोष्ट मी रुतेंगजवळच्या चांचार गावी पाहिली. टेकडीवरून खाली पाहिले की भातशेती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ती गावाची सामाईक जमीन, तिला 'लिंगको' म्हणतात. मधोमध खुंट असतो आणि तिथून प्रत्येक कुटुंबाची वाटणी बाहेरच्या बाजूला रुंदावत जाते. वाटणी करायला गावाचा ठरलेला मान्यवर असतो. त्यांच्यात म्हण आहे, तिचा अर्थ असा की ढोलाचे घर आत आणि लिंगको बाहेर. म्हणजे ज्या गावात ढोल ठेवायचे घर आहे, त्या गावाचा त्या जमिनीवर हक्क. घर आणि शेत ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट आहे.

हा हक्क त्यांना सुखासुखी लाभलेला नाही. २००४ साली रुतेंगमध्ये, वनजमिनीवरच्या कॉफीबागांच्या वादातून जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. पुढे २०१३ साली इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने निर्णय दिला की आदिवासींचे परंपरागत जंगल हे सरकारी जंगल नव्हे. आपल्याकडे २००६चा वनहक्क कायदा आहे आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवून दाखवला आहे. पण कायदा झाला तरी, हद्द दाखवायला माणूस लागतो. तेच मला आज सांगायचे आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात सहावीत एक मुलगी होती. भातकापणीला तिचे वडील तिला आठ दिवसांसाठी न्यायला आले. मी त्यांना परत पाठवले. "अभ्यास बुडेल, दादा," असे म्हटले. पुढच्या वर्षी आवणीला आले, तेव्हाही तेच. नंतर ते यायचे थांबले. मुलगी शिकली, नर्स झाली. मी तिचे उदाहरण याच व्यासपीठावरून दिले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील वारले. वनहक्काच्या दाव्याची मोजणी करायला माणसे पाड्यावर आली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मला शेत कुठून कुठवर आहे तेच माहीत नाही. बांधावरचं झाड कोणतं, नाला कोणता, काहीच नाही. बाबा दाखवणार होते."

ती मला दोष द्यायला आली नव्हती. मदत मागायला आली होती. शेजारच्या म्हाताऱ्या आजीने हद्द दाखवली, म्हणून निभावले. पण त्या रात्री मला वसतिगृहाच्या दारात उभे असलेले तिचे वडील आठवले.

शाळा नको, असे मी म्हणत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांची मुले वसतिगृह नसते तर भट्टीवरच वाढली असती. विस्ताराला माझा पाठिंबा आहे. पण ठरावाला दोन अटी जोडाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, आवणी आणि कापणीला मुलांना आठ-आठ दिवस घरी पाठवावे आणि तो अभ्यास आम्ही शिक्षकांनी भरून काढावा. दुसरी, पाड्यावरच्या जाणत्या माणसांना महिन्यातून एकदा वसतिगृहात बोलवावे, मानधन देऊन. कारवीचा कूड कसा विणायचा, नागलीचे बी कसे राखायचे, कोणत्या ओहोळाला काय नाव आहे, हे त्यांनी शिकवावे.

वाए रेबोत सांगणारी माणसे हयात होती, म्हणून घरे परत उभी राहिली. आपल्या पाड्यांवरही अशी माणसे अजून आहेत. त्यांतली काही आज मागच्या रांगेत बसली आहेत. दुपारी मतदानाआधी त्यांनाही विचारावे, एवढे सांगून मी थांबते.