संगिनीवरील अक्षरे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते इतिहास शिकवताना एखादी जुनी वस्तू आमच्या हाती देत आणि विचारीत, "ही काय सांगते?" आज तोच प्रश्न मी संगिनीला विचारणार आहे.

आरंभी संगिनीची मूठ बंदुकीच्या नळीतच खुपसावी लागे. मग गोळी झाडता येत नसे. सतराव्या शतकाच्या अखेरीस नळीवर बाहेरून बसणारी संगीन आली आणि एकाच शिपायाच्या हाती बंदूक व भाला दोन्ही आले.

हैदराबादेत निजामाच्या पदरी अशी कवायती फौज फ्रेंच सेनानी रेमंड याने उभारली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला ती मराठ्यांविरुद्ध लढली; समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या. रेमंड २५ मार्च १७९८ रोजी वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहानंतर त्याची फौज मोडण्यात आली. त्याचे नाव मुसारामबागेच्या रूपाने लोकांच्या तोंडी राहिले. त्याच्या शिपायांची नावे मात्र कोठे आहेत?

सालारजंग संग्रहालयातील रत्नजडित खंजिरांना बादशहांची नावे चिकटलेली असतात. संगिनीचा धनी अनाम असतो. म्हणून तिच्यावरील खुणांना मोल आहे. १९०७ च्या नमुन्याच्या ब्रिटिश संगिनीचे पाते सतरा इंचांचे. त्याच्या मुळाशी मुकुट, राजाची आद्याक्षरे, घडणीचा महिना व वर्ष. मुठीच्या टोकावर कधी पलटणीची खूण आणि क्रमांक.

एका स्नेह्यांच्या माळ्यावर अशी संगीन निघाली. तरुणपणाच्या उत्साहात मी ती पॉलिशपेपरने घासून लखलखीत करून दिली. गंज गेला आणि मुठीवरील पुसट अक्षरेही गेली. त्यांचे आजोबा कोणत्या पलटणीत होते, हे सांगणारे त्या घरात दुसरे काहीच नव्हते. स्नेह्यांनी मला दोष दिला नाही. मी तो आजवर स्वतःला देत आलो आहे.

म्हणून विनंती एवढीच : जुने लोखंड घासू नका, हलका तेलाचा हात पुरे. खुणांचे छायाचित्र घ्या. वस्तू कोणाकडून आणि कोठून आली, हे वहीत लिहून ठेवा. संगीन कायद्याने शस्त्रच आहे. जवळ बाळगण्यापूर्वी परवान्याची चौकशी करा. आणि घरातील वृद्ध हयात असेपर्यंत त्यांना विचारून घ्या. लोखंडावरून पुसले गेलेले कदाचित त्यांच्या आठवणीत शिल्लक असेल.