कायदेमंडळाकडे जाणाऱ्या तीन वाटा

पनवेलजवळचे कळंबोली हे गाव लोखंडाच्या बाजारामुळे सर्वपरिचित झाले आहे. सळया, पत्रे आणि तुळया यांनी लादलेल्या मालमोटारींची तेथे अखंड वर्दळ असते. या बाजारात माल विकणारा व्यापारी आहे आणि तो माल चढविणारा-उतरविणारा हमाल आहे; नव्या शहरासाठी ज्याची जमीन गेली तो शेतकरीही याच पंचक्रोशीतला. तिघांचेही हित कायद्याशी बांधलेले. परंतु कायदा करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र प्रत्येकाची निराळी. ती निराळी का झाली, हे पाहणे उद्बोधक आहे.

कायदेमंडळाच्या सभागृहाबाहेर जी ओसरी असते तिला इंग्रजीत लॉबी म्हणतात. सभासदांस तेथे गाठून आपले म्हणणे त्यांच्या गळी उतरविण्याच्या उद्योगासही पुढे तेच नाव पडले. हा केवळ धनिकांचा खेळ होय, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ज्याच्या हाती जे साधन, त्या साधनास अनुरूप अशी त्याची वाट, हाच येथील खरा नियम होय.

प्रथम शेतकरी घ्यावा. 1970 सालच्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील 95 गावांच्या जमिनींवर संपादनाची छाया पडली. शेतकऱ्यापाशी द्रव्य नव्हते; संख्या होती आणि मत होते. पनवेलमधून 1957 पासून वारंवार विधानसभेवर निवडून आलेले दि. बा. पाटील हे त्याचे मुखत्यार झाले. परंतु साऱ्या राज्याच्या सभागृहात एका तालुक्याचा आवाज तो केवढा? अर्ज-विनंत्यांनी काम भागेना, तेव्हा 1984 सालच्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई-दास्तान परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 व 17 तारखांच्या त्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले. पुढे 1990 साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना सरकारने स्वीकारली. सभागृहातील शब्दाला रस्त्यावरील संख्येने वजन आणले खरे. पण त्या वजनाची किंमत फार जबर पडली.

हमालाची स्थिती याहून वेगळी. त्याचा मालक रोज बदलणारा, म्हणून दाद कोणाकडे मागावी हाच त्याचा पहिला प्रश्न. मात्र तो हात जोडून बसला की बाजार ठप्प होतो, हे त्याचे बळ. अण्णासाहेब पाटील यांनी ते बळ एकत्र बांधले, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे निघाली. मालकाने मजुरी व त्यावरील लेव्ही मंडळात भरावी आणि मंडळाने ती कामगारास द्यावी, अशी व्यवस्था झाली. संघटनेचा पुढारी पुढे विधान परिषदेतही बसला. बाहेरचा दबाव आणि आतील शब्द यांची सांगड पडली.

व्यापाऱ्याजवळ गर्दी नसते. त्याने दुकान बंद ठेवले तर पहिला तोटा त्याचाच. म्हणून त्याची वाट शांत: शिष्टमंडळ, निवेदन, आकडेवारी आणि वेळ पडल्यास न्यायालय. माथाडी कायद्यालाही मालकवर्गाने उच्च न्यायालयात आव्हान दिले होते, कायदा टिकला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी 1965 साली दाखवून दिले की थोड्या माणसांचा गट सहज एकवटतो. मोठ्या समूहात जो तो दुसऱ्याच्या कष्टावर विसंबतो. शिवाय, कायदे करणाऱ्यास नेहमी वाण असते ती तयार माहितीची. ती जो पुरवितो, त्याला आवाज चढविण्याचे कारणच पडत नाही.

2023 साली या दोन वाटा समोरासमोर आल्या. माथाडीच्या नावाने खंडणी उकळली जाते, ही उद्योजकांची तक्रार पुढे ठेवून सरकारने कायद्यात बदल करणारे विधेयक आणले. माथाडी संघटनांनी त्यास विरोध केला आणि डिसेंबरात संप पुकारला. एकीकडे निवेदन, दुसरीकडे संप. ज्याने त्याने आपले जुने शस्त्रच उपसले.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. लोकशाहीत गाऱ्हाणे सांगणे हा हक्कच होय. परंतु ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, मंडळाच्या नोंदवहीत नाही आणि कोणत्या व्यापारी संघाच्या यादीतही नाही, असा माणूस त्या बाजारात चहा पीत उभा असतो. त्याच्यासाठी चौथी वाट कोणी बांधलेली नाही. ओसरीवर जे आले त्यांचे ऐकणे हे लोकप्रतिनिधीचे काम. पण जो येऊच शकला नाही त्याची आपण होऊन चौकशी करणे, ही त्याची कसोटी आहे.