शेजाऱ्यांचा करार



नायगावातून धाडलेला निरोप परमुलखात पोचतो, तो राउटर नावाच्या यंत्रांमुळे. एका कंपनीचा राउटर शेजारच्या राउटरला सांगतो, 'अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील.' या बोलीला बी.जी.पी. म्हणतात, तिचे नियम १९८९ साली प्रसिद्ध झाले. २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी संस्थेच्या मुंबईतील केंद्रात अनेक कंपन्या अशाच शेजारी होतात.

शेजार आपोआप जुळत नाही. दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता व क्रमांक नोंदवावा लागतो. कराराला दोन सह्या लागतात, तसेच हे. शेजारी पुष्कळ झाले, म्हणजे सारख्या व्यवहाराच्या शेजाऱ्यांचा गट करून नियम एकदाच लिहितात. आम्ही युनियनवाले एकेकट्याचा नव्हे, साऱ्या खात्याचा करार करतो, तो याच न्यायाने. मात्र गटाच्या नियमातली चूक साऱ्या गटाला बाधते.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशापुरते अडवण्यासाठी लावलेली खोटी वाट बाहेर गेली. वरच्या कंपनीने ती न तपासता पुढे धाडली, आणि जगभर सुमारे दोन तास खोळंबा झाला.

शेजाऱ्यावर विश्वास अवश्य ठेवावा. पण काय घ्यायचे, काय द्यायचे, हे आधी कलमवार लिहावे. आम्ही करार करताना हेच शिकलो.