भोंगा बंद झाल्यावर

उतारवयांत नवें कार्य आरंभिणाऱ्या थोर पुरुषांचीं उदाहरणें आपल्याकडे वारंवार सांगितलीं जातात. धोंडो केशव कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें तें १९१६ सालीं. त्या वेळीं त्यांना ५८ वर्षें झालीं होतीं. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे व्यवसायानें चित्रकार. परंतु पन्नाशीच्या सुमारास औंध येथें त्यांनीं स्वाध्याय मंडळ उभारून वेदांच्या प्रकाशनास वाहून घेतलें. हीं उदाहरणें खरीं आहेत आणि स्फूर्तिदायकही आहेत. तथापि या दोघांनीं जुनी वाट सोडली ती आपखुषीनें. ज्याची वाट त्याच्या पायांखालून काढून घेतली जाते, त्या सामान्य मनुष्याची कथा निराळी असते.

मुंबईच्या गिरणगांवांत अशी पाळी एकाच वेळीं लक्षावधि माणसांवर आली. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागें घेतल्याची घोषणा अशी कधीं झालीच नाहीं. कांहीं गिरण्या पुढें चालू झाल्या, कांहीं कायमच्या थंडावल्या, आणि हजारों कामगारांना परत येण्याचें बोलावणें आलें नाहीं. त्यांतील कित्येकांनीं चाळिशी ओलांडली होती.

यांतील एका साचेवाल्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. त्याचें नांव कांहींही असूं शकेल, कारण अशीं माणसें घरोघर होतीं. वयाच्या अठराव्या वर्षीं तो रत्नागिरीकडून आला, प्रथम बदली कामगार म्हणून राबला, मग कायम झाला. तीस वर्षें तो साच्यांपुढें उभा होता. धोटा कोठें अडखळतो, ताणा कोठें तुटतो, हें त्यास पाहण्यापूर्वींच कळत असे. संप लागला तेव्हां तो ४८ वर्षांचा होता. कांहीं महिने गांवीं काढले. पण चार गुंठ्यांच्या भाताळ जमिनीवर दोन भावांचे संसार आधींच भार टाकून होते. तो परत आला, तों गिरणीच्या फाटकावरील यादींत त्याचें नांव नव्हतें.

आरंभीं त्यानें आपलाच धंदा शोधला. भिवंडीस यंत्रमागांवर काम मिळत होतें. पण तेथें बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या वारावर आणि नजर तरुणाची हवी. पंधरवड्यांतच तो परतला. या काळांत घर चाललें तें पत्नीच्या खाणावळीवर. संपापूर्वीं ती दहा गिऱ्हाइकांना जेवूं घाली; आतां त्यांतील सहा जण गांवीं निघून गेले होते व उरलेल्यांची बाकी वाढत होती. पुढें १९८६ सालीं केंद्र सरकारनें कायमच्या बंद झालेल्या गिरण्यांतील कामगारांसाठीं पुनर्वसन निधीची योजना आंखली. तींत पहिल्या वर्षीं वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षीं ५० व तिसऱ्या वर्षीं २५ टक्के इतकें साहाय्य ठेविलें होतें. परंतु याची गिरणी तर चालू होती. ती केवळ त्याच्यासाठीं बंद झाली होती.

अखेर शब्द टाकावयाचा राहिला तो पुतण्यापाशीं. त्या पुतण्यास त्यानेंच मुंबई दाखविली होती. आतां तो एका नव्या इमारतींत पहारेकऱ्यांचा प्रमुख होता. तीन वेळां त्याच्या दारापर्यंत जाऊन काका माघारी फिरला. चवथ्या वेळीं पत्नी म्हणाली, "अहो, तुम्हीं त्याला गांवच्या खोलींत आणलांत, तेव्हां त्याला लाज वाटली होती का?" या एका प्रश्नानें त्याचे पाय पुढें पडले. पुतण्यानें काकास उभें ठेविलें नाहीं. पण नोकरी होती रात्रीच्या पहाऱ्याची, आणि पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी.

त्यास खरा त्रास पगाराचा झाला नाहीं. झाला तो स्वस्थ बसण्याचा. साच्यांच्या खडखडाटांत ज्याचा जन्म गेला, त्यास रात्रीची शांतता खाऊं लागली. गिरणीच्या आवाजानें कानही मंद झाले होते. एके पहाटे तो पाण्याच्या पंपापाशीं गेला व संवयीनें त्यावर तळहात ठेवून उभा राहिला. थरथर सरळ नव्हती. त्यानें सकाळीं चिटणिसांस सांगितलें, "साहेब, आंतलें बेअरिंग जाणार. आठवडा निघणार नाहीं." ते हंसले. पांचव्या दिवशीं पंप बंद पडला आणि सबंध इमारत पाण्यावांचून राहिली.

दुरुस्तीस आलेला कारागीर त्याच्या मुलाच्या वयाचा होता. पंप उघडतांना त्यानें त्याच्याजवळ बसून एकेक भागाचें नांव विचारून घेतलें. पुढें वर्षभर सुटीच्या दिवशीं तो त्या पोराच्या हाताखालीं पाने देत फिरला. वयाच्या पन्नासाव्या वर्षीं तो पंप सांभाळणारा झाला. आधीं त्या एका इमारतींत, मग शेजारच्या तिहींत. गिरणीचा पगार त्यास पुन्हा कधीं मिळाला नाहीं. परंतु खाणावळीची उधारी फिटली आणि धाकट्या मुलीची शाळा सुटली नाहीं.

या कथेंत चमत्कार कोठेंही नाहीं, आणि म्हणूनच ती विचारांत घेण्याजोगी आहे. मनुष्याचा धंदा बुडाला म्हणजे त्यास वाटतें कीं आपली विद्याच बुडाली. वस्तुतः विद्या धंद्याच्या नांवांत नसते. साचेवाल्याची विद्या होती ती यंत्राची नाडी ओळखण्याची. साचे गेले तरी ती त्याच्या तळहातांत शिल्लक होती. मात्र ती दुसरीकडे रुजविण्यास दोन गोष्टी गिळाव्या लागल्या: पुतण्यापुढें शब्द टाकण्याचा संकोच आणि मुलाच्या वयाच्या गुरूपाशीं बसण्याचा कमीपणा. पहिल्यास पत्नीचा प्रश्न उपयोगीं पडला, दुसऱ्यास त्याची स्वतःची जिज्ञासा.

आणि एक गोष्ट समाजानेंही ध्यानीं धरावी. उतारवयाचा मनुष्य काम मागावयास येतो, तेव्हां त्याचें वय विचारणें सोपें असतें. त्याच्या हातांना काय ठाऊक आहे, हें विचारणारा क्वचितच भेटतो. आज गिरणगांवांतील अनेक गिरण्यांच्या जागीं उंच मनोरे व झगझगीत दुकानें उभीं आहेत. तेथेंही फाटकाशीं कोणी वृद्ध पहारेकरी बसलेला दिसतो. त्याच्याजवळून जातांना तो प्रश्न एकदां तरी विचारून पाहावा.